अख्खा सेट बदलायची गरज नाही

सात गिअरच्या सायकलचा मागचा डिरेलर झिजला. दुकानात नऊ गिअरचा शिमानो डिरेलर शिल्लक आहे, पण दुकानदार तो द्यायला तयार नाही. "सातला नऊचा चालत नाही. शिफ्टर, चेन, कॅसेट, सगळा सेटच बदला." नगरला सायकलवर कामाला जाणाऱ्या माणसाला हा सल्ला परवडत नाही. शिवाय तो खराही नाही.

दुकानदाराची बाजू आधी मांडायला हवी. कोणता शिफ्टर कोणत्या डिरेलरबरोबर वापरायचा याचे तक्ते शिमानो स्वतः देते आणि तक्त्याबाहेरच्या जोडीची जबाबदारी घेत नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येऊ नये म्हणून दुकानदार त्याच रेषेत राहतो, हे समजण्यासारखं आहे. पण कंपनी हमी देत नाही म्हणजे जोडी चालतच नाही, हा निष्कर्ष कुठून आला?

१९८४ साली शिमानोने ड्युरा-एसमध्ये इंडेक्स, म्हणजे खटक्याचे, गिअर आणले, तेव्हापासून हिशेब एकच आहे. शिफ्टरच्या एका खटक्याला केबल ठरावीक ओढली जाते. डिरेलर त्या ओढीला आपल्या ठरलेल्या पटीने सरकतो. हे सरकणं कॅसेटच्या दोन चक्रांमधल्या अंतराएवढं भरलं की गिअर बसला. शिमानोच्या सात गिअरच्या शिफ्टरची ओढ सुमारे २.९ मिमी, आठची २.८, नऊची २.५. सात ते नऊ गिअरच्या या डिरेलरची पट मात्र, ड्युरा-एसचे जुने डिरेलर सोडले तर, सगळीकडे सुमारे १.७ च आहे. २.९ ला १.७ ने गुणा, ४.९ येतात, सात गिअरच्या चक्रांमधलं अंतर ५ मिमी. मग डिरेलरवर ‘९’ छापलंय म्हणून बिघडणार काय? मागे किती चक्रं आहेत हे डिरेलरला ठाऊक नसतं. खटके मोजायचं काम शिफ्टरचं. (स्वस्त सायकलच्या फ्रेमला बहुधा हँगर, म्हणजे डिरेलर अडकवायचा कान, नसतो, एक्सलच्या नटाखाली बसणारी पट्टी लागते, एवढं मात्र बघून घ्यावं.)

"एकाच कंपनीचं घ्या, म्हणजे चिंता नाही" हा सल्ला तर याहून घातक. शिमानोच्याच दहा गिअरच्या माउंटन डिरेलरची पट १.२ च्या आसपास आहे. त्याला शिमानोचाच नऊचा शिफ्टर लावला, तर प्रत्येक खटक्याला डिरेलर ३ मिमी सरकेल आणि हवेत ४.३५. करंजी घाटात अशी सायकल घेऊन जाणाऱ्याचे हाल विचारू नका. उलट एसरॅम या दुसऱ्या कंपनीने शिमानोच्या डिरेलरला जुळणारे पिळाचे शिफ्टर स्वतःच बनवून विकले आहेत. तेव्हा डब्यावरचं नाव आणि आकडा, दोन्ही फसवे. खरं ते माप. म्हणूनच "काहीही कशालाही बसवतो" म्हणणारा मिस्त्रीही मला तितकाच चुकीचा वाटतो. तोही मापाशिवायच बोलतो.

आणि गिअर बसत नाहीत तेव्हा दोष बहुतेकदा जोडीचा नसतोच. राहुरी-श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यातल्या चिखलातून पावसाळाभर फिरलेली सायकल घ्या. केबल आउटरमध्ये गंजून अडकते. खटका पडतो, पण ओढ डिरेलरपर्यंत पोचतच नाही. सायकल उजव्या बाजूला पडली की हँगर आत वाकतो. मागे उकिडवं बसून पाहिलं तर डिरेलरच्या दोन छोट्या पुलींची रेघ चक्राच्या रेघेत नाही, खालची पुली स्पोकांकडे झुकली आहे, हे साध्या डोळ्यांना दिसतं. हँगर सरळ करायला आणि केबल बदलायला कितीसा खर्च? तो करण्याआधी नवा सेट गळ्यात मारणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

दुकानांनी तक्ता पाठ करण्याऐवजी मोजून दाखवावं. नागापूरच्या एमआयडीसीमुळे व्हर्नियर हाताळणाऱ्यांचा या शहरात तोटा नाही. शिफ्टरमध्ये केबल घाला, हलकी ताणून धरा, पहिल्या गिअरला तिच्यावर खूण करा, शेवटपर्यंत खटके टाका आणि खूण किती सरकली ते मोजा. सात गिअरला सहा खटके. अंतर १७ मिमीच्या आसपास भरलं, तर जुना शिफ्टर आहे तिथेच राहू द्या आणि तो नऊचा डिरेलर बिनधास्त बसवा.