समुपदेशकाच्या शब्दाला शाळेत वजन हवं

चलथाणच्या एका माध्यमिक शाळेत मी समुपदेशक आहे. मुलं इथल्या रीतीप्रमाणे मला ‘बेन’ म्हणतात. खानदेशातून आलेल्या घरांतली मुलं जरा धीट झाली की ‘ताई’ म्हणतात. एखादं मूल माझ्याकडे पाठवताना शिक्षकांचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, “याला जरा समजवा.” हे काम करता करता माझं मत पक्कं होत गेलं आहे, की समजवायचं असतं ते बहुतेक वेळा मोठ्यांना. घरातल्या कामाच्या पाळ्या, शाळेचं वेळापत्रक, वर्गात गुण सांगायची पद्धत हे सगळं मोठ्यांनी ठरवलेलं असतं आणि मूल त्यात अडकलेलं असतं. त्यातलं काही हलवण्याचा अधिकार मात्र समुपदेशकाला फारशा शाळांमध्ये नाही.

चलथाण सुरतेजवळच्या पलसाणा तालुक्यातलं. एका बाजूला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, दुसरीकडे उधन्याहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाणारी ताप्ती लाइन. सहकारी साखर कारखाना जुना. त्याच्याभोवती आणि पुढे कडोदऱ्यापर्यंत कापडाच्या मिला, डाइंग-प्रिंटिंगचे कारखाने. इथे गुजराती शेतकऱ्याची मुलगी, ओडिशाच्या कारीगराचा मुलगा, उत्तर प्रदेश-बिहारकडची भावंडं आणि शिरपूर-शहाद्याकडची आमची पोरं एकाच बाकावर बसतात. घरी पाच भाषा, शाळेत एक किंवा दोन.

नववीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर घरी जात नव्हता. (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या सगळ्याच मुलांचे तपशील मी बदलले आहेत.) कडोदरा चार रस्त्यावर तो फिरताना दिसला, तेव्हा ‘संगत वाईट’ असा शेरा घेऊन माझ्यासमोर आला. पहिल्या भेटीत हिंदीत हो-नाही एवढंच. पुढच्या वेळी मी अहिराणीत गावाची चौकशी केली, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, “माले घर जानं नही.”

वाईट संगत कुठेच नव्हती. वडील प्रोसेस हाऊसमध्ये, पाळी बारा तासांची. रातपाळी असली की ते दिवसा झोपतात. खोली एकच. त्याच खोलीत आई साड्यांचं धागा कटिंग करते, तेही आवाज होऊ न देता. मुलगा आत आला, दप्तराची चेन वाजली की वडिलांची झोप मोडते आणि मग मार बसतो. म्हणून संध्याकाळी वडील कामावर निघेपर्यंत तो बाहेरच राहायचा. सुटीच्या दिवशी मी वडिलांना भेटले. त्यांचं म्हणणं होतं, “मॅडम, मशीनवर डुलकी लागली तर हात जातो.” या माणसाला मी पालकत्वावर काय व्याख्यान देणार होते? आणि त्या मुलाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून काय साधणार होतं? त्याला बसायला टेबल हवं होतं, दिवा हवा होता आणि कुणी हाकलणार नाही अशी जागा हवी होती.

शाळेचं वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवावं, असं मी लिहून दिलं. वीजबिल, शिपायाचा जादा पगार, मुलींनी अंधार पडल्यावर घरी कसं जायचं, जबाबदारी कुणाची, असे प्रश्न आले. सगळे रास्त होते. पण ज्या बैठकीत ते सुटायचे, तिथे समुपदेशकाला बसायची पद्धतच नव्हती. बराच काळ गेला. शेवटी एका विश्वस्तांनी मनावर घेतलं आणि वाचनालय उघडं राहू लागलं. पहिल्या आठवड्यात तो मुलगा आलाच. त्याच्याबरोबर अशी कितीतरी मुलं आली की ज्यांच्याबद्दल एकाही शिक्षकाची कधी तक्रार नव्हती. ती गप्प होती, पास होत होती, म्हणून कुणाच्या नजरेत आली नव्हती.

माझ्या मते समुपदेशकाच्या कामाचा मोठा भाग हा आहे. लोकांना वाटतं, की आम्ही परीक्षेच्या आधी एक भाषण करतो, फळ्यावर ‘ताण’ लिहून गोल काढतो आणि रडणाऱ्या मुलाला पाणी देतो. मी रोज सकाळी आधी प्रथमोपचाराची नोंदवही पाहते. कोण, कोणत्या वारी, कोणत्या तासाला पोट दुखतं म्हणून आलं, हे तिथे शिपायाच्या अक्षरात असतं. चाचणीचे पेपर वाटायच्या दिवशी एकाच वर्गातून पोटदुखीच्या नोंदी येऊ लागल्या, तेव्हा मी जाऊन पाहिलं. गुण मोठ्याने वाचले जात होते, वरून खाली, आणि शेवटच्या काही मुलांना उभं करून. त्या शिक्षकांना मुलांची कळकळ आहे, याबद्दल मला शंका नाही. लाज वाटली की मूल अभ्यास करतं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मी मुख्याध्यापकांकडे वही नेली. एक सत्र पेपर घडी घालून हातात द्यायचे ठरलं. त्या दिवशीची पोटदुखी ओसरली. एकेकाला बोलावून मी समजावत बसले असते, तर वर्षभर पुरलं नसतं.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका 17 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी 15 मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठेवल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणं आणि त्यांना चारचौघांत लाजवणं शक्यतो टाळावं, हेही त्यात आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यापुढे या सूचना मला मोलाच्या वाटतात. पण नेमणूक म्हणजे काम सुरू झालं, असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं.

नेमलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते सांगते. शिक्षक रजेवर गेले की तो तास समुपदेशकाला. प्रवेशाच्या दिवसांत फॉर्म तपासायला समुपदेशक. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन, वर्गणीची यादी, बसची रांग. बसायला जागा कुठे? अनेक ठिकाणी स्टाफरूमच्या कोपऱ्यात किंवा कार्यालयाच्या काचेआड, जिथे येणारं मूल सगळ्यांना दिसतं. आमच्या क्षेत्रातल्या मैत्रिणी भेटल्या की हेच बोलणं होतं. सकाळी एखाद्या वर्गावर बदली तास घेताना ज्या मुलाला मी गप्प बस म्हणाले, तो दुपारी माझ्यासमोर घरातली मारहाण कशी सांगेल? बदली तास नको, ही मागणी सोयीसाठी केलेली नाही. त्यावाचून हे काम होतच नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. पालक विचारतात, “काय बोलला तो?” संस्थाही विचारते. मी प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत सांगते, की इथलं बोलणं इथेच राहील. पण तू स्वतःला इजा करशील असं वाटलं, दुसऱ्या कुणाला करशील असं वाटलं किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मी गप्प राहू शकणार नाही, आणि कुणाकडे जाणार हे तुला सांगून जाईन. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात शाळेच्या नावाचा विचार करायला जागा नाही. बाकी सगळ्यासाठी संस्थेला मी आकडे देते, नावं देत नाही. यावरून खटके उडतात. पण एकदा एका मुलाचं गुपित स्टाफरूमपर्यंत पोचलं, की पूर्ण शाळेसाठी माझं दार बंद झालं. मुलं हे आमच्याआधी ओळखतात.

दहावीतली एक मुलगी सारखी चक्कर येते म्हणून आली. तपासणीत रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, पण चक्कर थांबली नाही. मग कळलं, की दिवाळीत गावी सोयरीक ठरत आली होती. बोर्डाची परीक्षा झाली की साखरपुडा. मी आईला भेटले. ती खोटं बोलली नाही. दिवसभर आम्ही दोघं कामावर, पोर एकटी खोलीत, भाड्याच्या चाळीत चार राज्यांची माणसं, जबाबदारी कोण घेईल, असं तिने सरळ विचारलं. अठरा वर्षांआधी लग्न करणं बेकायदा, हे मी सांगितलंच. तेवढ्यावर मी उठून आले असते तर ती मुलगी गावी गेली असती. दुपारनंतर मुलगी कुठे सुरक्षित राहील, हा आईचा खरा प्रश्न होता. त्याला उत्तर पुन्हा वाचनालयच झालं, आणि त्याच गल्लीत राहणाऱ्या एका शिक्षिकेबरोबर येणं-जाणं. मुलगी आज अकरावीत आहे.

सगळ्याच गोष्टी अशा सुटत नाहीत. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. हजार मुलांच्या शाळेत हे प्रमाण धरलं तर सत्तरच्या वर मुलं. त्यांना उपचार लागतात आणि ते माझं काम नाही. माझं काम वेळेत ओळखणं, आईबापांची समजूत घालणं आणि सुरतेच्या नवी सिव्हिल किंवा स्मीमेरमधल्या मानसोपचार विभागापर्यंत सोबत जाणं. त्यासाठी बापाचा एक खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून मी आधी फोन लावून कधी यावं ते विचारून घेते. ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र, मराठी-गुजरातीसह अनेक भाषांत. तो मी मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावते, कारण भिंतीवरचा फलक रात्री दोन वाजता दिसत नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न मला नेहमी येतो. अनुदानित शाळेला मंजूर पदांत बसवावं लागतं, विनाअनुदानितला फीची मर्यादा आहे. मग चलथाण, कडोदरा, पलसाणा इथल्या लहान शाळांनी मिळून एक माणूस पूर्णवेळ ठेवावा. ज्या मिलांच्या पाळ्यांवर या मुलांची झोप आणि अभ्यास ठरतो, त्यातल्या मोठ्या कंपन्यांना कायद्याने सामाजिक कामासाठी नफ्यातला 2 टक्के वाटा खर्च करावाच लागतो. त्यांच्या कामगारांच्या मुलांच्या शाळेत एक समुपदेशक ही त्या पैशाची अगदी योग्य जागा आहे. साखर कारखान्यालाही मी हेच म्हणेन. दिवाळीनंतर डांग आणि नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा पडावावरची किती मुलं आठवी-नववी सोडून आलेली असतात, हे गाडीतळावर उभं राहून कुणीही पाहू शकतं. त्यांच्यापर्यंत तर अजून आम्ही पोचलेलोच नाही.

जूनमध्ये शाळेत प्रवेश घेताना पालक प्रयोगशाळा पाहतात, मैदान पाहतात, बोर्डाचा निकाल विचारतात. यंदा आणखी काही विचारा. समुपदेशक कुठे बसतात, ती खोली दाखवा. त्यांना बदली तास देता का? वेळापत्रक आणि शिस्त ठरवणाऱ्या बैठकीत त्या असतात का? त्यांनी लिहून दिलेली शेवटची सूचना कोणती होती आणि तिचं काय झालं? आमच्या शाळेत सध्या अशी एक सूचना पडून आहे: पालकसभा रविवारी सकाळी न घेता दोन्ही पाळ्यांच्या बापांना जमेल अशा दोन वेळांना घ्यावी. पुढच्या बैठकीत ती विषयपत्रिकेवर आहे आणि या वेळी मला बोलायला बोलावलं आहे.