होल हाउस वॉटर फिल्टर: कार्ट्रिज नेमकं काय अडवतं आणि काय नाही?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हा पट्टा रोज बातम्यांत होता. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा बॅक्टेरिया सापडला. दूषित पाणी किंवा अन्नातून तो पोटात जातो, आणि काही लोकांमध्ये त्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. नांदेड गावची विहीर, टँकर आणि कॅन भरून देणारे खासगी आरओ प्लांट, सगळ्यांवर प्रश्न उभे राहिले. महापालिकेने काही प्लांट बंदही केले.

त्यानंतर फोनवर एक वेगळीच लाट आली. ‘घरातल्या प्रत्येक नळाला शुद्ध पाणी’ अशा रील्स आणि सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड होणारी कोटेशन्स. प्रॉडक्ट एकच: निळ्या किंवा पारदर्शक डब्यात कार्ट्रिज असलेला होल हाउस फिल्टर. हा फिल्टर वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण ज्या भीतीवर तो विकला जातोय, त्या भीतीवर तो उत्तर आहे का? मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि कोणतीही गोष्ट घेण्याआधी स्पेसिफिकेशन शीट वाचायची सवय आहे. तेच इथे करूया.

मायक्रॉनचं गणित

सगळ्यात जास्त विकलं जाणारं कार्ट्रिज म्हणजे पीपी स्पन. पांढरं, दोऱ्याच्या रिळासारखं दिसणारं. त्यावर २०, १० किंवा ५ मायक्रॉन लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण त्या आकाराचे किंवा त्याहून मोठे कण ते अडवतं: माती, वाळू, गंज, पाइपातली घाण.

आता कॅम्पिलोबॅक्टर बघा. त्याची जाडी १ मायक्रॉनपेक्षाही कमी. व्हायरस त्याहून कितीतरी लहान, नोरोव्हायरस ०.०४ मायक्रॉनच्या आसपास. ५ मायक्रॉनच्या जाळीतून हे जाणं म्हणजे क्रिकेटच्या नेटमधून मोहरी जाण्यासारखं आहे. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसेल, पण निर्जंतुक झालेलं नसेल.

आणखी एक शब्द शोधा: ‘नॉमिनल’ की ‘ॲब्सोल्यूट’. नॉमिनल म्हणजे त्या आकाराचे बरेचसे कण अडतात, सगळे नाही. किती टक्के ते कंपनीनुसार बदलतं. ॲब्सोल्यूट म्हणजे जवळपास सगळे. स्वस्त स्पन कार्ट्रिज बहुतेक वेळा नॉमिनलच असतात. लेबलवर काहीच लिहिलं नसेल तर नॉमिनल समजून चला.

कार्बन: चांगली गोष्ट, चुकीच्या जागी

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे, आणि विक्रेते नेमका तोच सांगत नाहीत.

दोन-तीन डब्यांच्या सेटमध्ये एक कार्बनचा असतो. तो क्लोरीन, वास आणि काही रसायनं शोषतो. पाण्याची चव सुधारते. पण पाण्यात क्लोरीन टाकलाय कशासाठी? पाइपात आणि टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार क्लोरीन वापरलेल्या पाण्यात नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असायला हवा. ग्रामपंचायतीचा कर्मचारी ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं होतं का बघतो, ती याचसाठी.

आता समजा तुम्ही कार्बनचा डबा टाकीच्या आधी बसवला. क्लोरीन तिथेच संपला. मग ते पाणी गच्चीवरच्या टाकीत उन्हात दिवसभर पडून राहणार, कोणत्याही संरक्षणाशिवाय. जुन्या कार्बनमध्ये जंतूंची वसाहतही होऊ शकते. म्हणजे आरोग्यासाठी पैसे खर्च करून घरातली एकमेव सुरक्षा आपणच काढून टाकली.

सरळ नियम:

- टाकीच्या आधी फक्त गाळ अडवणारं कार्ट्रिज.
- कार्बन हवाच असेल तर टाकीच्या नंतर, आणि शक्यतो फक्त स्वयंपाकघराच्या लाइनवर.
- पिण्याच्या पाण्यासाठी शेवटी यूव्ही, आरओ किंवा सरळ उकळणं. हे काम घरभराचा फिल्टर करत नाही.

गाळाचं कार्ट्रिज मग निरुपयोगी का? अजिबात नाही. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात आणि क्लोरीनही घाणीवरच खर्च होतो. पाणी आधी गाळून मग त्यात मेडिक्लोर किंवा टीसीएल बाटलीवरच्या, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे टाकलं, तर क्लोरीन नीट काम करतो. क्रम महत्त्वाचा: आधी गाळणं, मग निर्जंतुक करणं.

बोअरचं पाणी आणि ‘सॉफ्टनर कार्ट्रिज’

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टच्या खडकावर आहे आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, नळावर डाग. हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात विरघळलेलं असतं, साखर चहात विरघळते तसं. चहा गाळणीतून गाळला म्हणून तो अगोड होत नाही. त्यामुळे स्पन कार्ट्रिज ५ मायक्रॉनचं असो की १ चं, जडपणा तसाच राहणार.

यावर ‘सॉफ्टनर कार्ट्रिज’ सुचवतात. आत रेझिन असतं, ते कॅल्शियम घेतं आणि सोडियम देतं. तत्त्व बरोबर आहे, पण हिशोब करा.

समजा चार माणसांचं घर. शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे ५४० लिटर. पाण्याचा जडपणा ४०० मिलिग्रॅम प्रतिलिटर धरू. रोज सुमारे २१६ ग्रॅम जडपणा काढावा लागेल. एक लिटर रेझिन प्रत्यक्ष वापरात साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. मोठ्या २० इंची डब्यात ४-५ लिटर रेझिन मावलं, तरी क्षमता २०० ते २५० ग्रॅम. म्हणजे एका दिवसात संपलं. पुढे रोज मिठाच्या पाण्याने धुवा, नाहीतर पाणी होतं तसंच जड.

पूर्ण घराचा जडपणा काढायचा असेल तर मोठं, स्वतः मिठाने रीजनरेट होणारं सॉफ्टनर लागतं. फक्त गीझर वाचवायचा असेल, तर तेवढ्याच लाइनवर क्षार चिकटू न देणारे फॉस्फेटचे खडे असलेलं छोटं कार्ट्रिज चालू शकतं. ते जडपणा काढत नाही, थर बसणं कमी करतं. त्या नळाचं पाणी प्यायला वापरू नका.

प्रेशर: आपल्या घरांची खरी अडचण

यूट्यूबवरचे बरेच रिव्ह्यू अमेरिकेतल्या घरांचे असतात. तिथे पाणी थेट प्रेशरने येतं. आपल्याकडे हौद, पंप, गच्चीवरची टाकी आणि मग नळ. टाकीचं पाणी फक्त उंचीच्या जोरावर खाली येतं.

१० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीच्या पाण्यापासून जेमतेम अडीच मीटर खाली असेल, तर प्रेशर ०.२५ बार. नवीन कार्ट्रिज आणि डब्याने त्यातले ०.१ बार खाल्ले, तर ४० टक्के जोर गेला. कार्ट्रिज मातीने भरलं की शॉवर ठिबकणार आणि गीझरही कुरकुर करणार.

म्हणून बंगला किंवा रो-हाउस असेल तर गाळाचा फिल्टर पंप आणि टाकीच्या मधे बसवा. तिथे पंपाचा जोर असतो, आणि टाकीतही कमी गाळ साचतो.

फ्लॅटमध्ये वेगळीच गंमत आहे. अनेक इमारतींत स्वयंपाकघर, प्रत्येक बाथरूम आणि फ्लशची लाइन डक्टमधून वेगवेगळी खाली येते. एकच मुख्य व्हॉल्व्ह नसतो. मग एका डब्याने ‘होल हाउस’ कसं होणार? अशा ठिकाणी सोसायटीच्या पातळीवर, टाकी भरणाऱ्या लाइनवर मोठा फिल्टर लावणंच शहाणपणाचं. माणशी खर्चही कमी पडतो.

साइज कसा निवडायचा? फोन काढा

दोन मापं मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मिळतात.

१. पंपाचा फ्लो: रिकामी १००० लिटरची टाकी २५ मिनिटांत भरली, तर मिनिटाला ४० लिटर.
२. नळाचा फ्लो: २० लिटरची बादली २ मिनिटांत भरली, तर मिनिटाला १० लिटर.

मग विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ‘एवढ्या फ्लोला या कार्ट्रिजचा प्रेशर ड्रॉप किती?’ चांगल्या कंपनीच्या डेटाशीटवर हा आलेख असतो. उत्तर ‘काही प्रॉब्लेम येत नाही सर’ असं आलं, तर पुढच्या दुकानात जा.

पंपाच्या लाइनवर १० इंची बारीक डबा घेऊ नका. २० इंची जंबो घ्या. त्याचा व्यास साडेचार इंच असल्याने गाळण्याचं क्षेत्र बरंच जास्त मिळतं. माती जास्त असेल तर आधी २० मायक्रॉन, मग ५.

घेताना आणखी इतकं बघा:

- स्टँडर्ड साइज: कार्ट्रिज कोणत्याही कंपनीचं बसलं पाहिजे. फक्त एकाच ब्रँडचं बसत असेल तर तुम्ही प्रिंटर आणि शाईच्या जाळ्यात अडकलात.
- दोन प्रेशर गेज: आधी एक, नंतर एक. नवीन असताना दोन्हींचा फोटो काढून ठेवा. फरक वाढत गेला की बदलायची वेळ झाली.
- बायपास व्हॉल्व्ह: नाहीतर कार्ट्रिज बदलताना पूर्ण घराचं पाणी बंद.
- गच्चीवर पारदर्शक डबा नको: उन्हात आत शेवाळ धरतं आणि प्लास्टिकही खराब होतं.
- वर्षाचा खर्च: डब्याची किंमत बघू नका. कार्ट्रिजची किंमत गुणिले वर्षातले बदल, हा खरा आकडा. पावसाळ्यात बदल वाढणार हे धरून चला.

दोन डेमो, ज्यांना भुलू नका

पहिला टीडीएस पेन. तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. मानकानुसार टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. १५० टीडीएसचं पाणीही आजारी पाडू शकतं. आणि गाळाच्या कार्ट्रिजने टीडीएस बदलतच नाही.

दुसरा इलेक्ट्रोलिसिसचा. दोन ग्लासांत रॉड बुडवतात, तुमचं पाणी तपकिरी होतं, त्यांचं स्वच्छ राहतं. तो तपकिरी रंग रॉडमधल्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे वीज वाहत नाही आणि रॉड विरघळत नाही. त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि मजा बघा.

मग आधी काय करायचं?

फिल्टरच्या आधी टेस्ट. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते. गढूळपणा, जडपणा, लोह आणि जंतू, एवढं कळलं तरी निम्मी खरेदी आपोआप ठरते.

आणि एक गोष्ट विसरू नका. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. लोकसंख्या आणि इमारती वाढल्या, पण पाण्याची व्यवस्था त्या वेगाने पोहोचली नाही. ती दरी टँकर, कॅन आणि आता आपल्या गच्चीवरचे निळे डबे भरून काढताहेत. डबा घ्या, गाळासाठी तो कामाचा आहे. पण सोसायटीच्या ग्रुपवर फिल्टरच्या कोटेशनसोबत एक मागणीही टाका: आपल्या लाइनला शिल्लक क्लोरीन किती येतो, याची नोंद महापालिकेकडून दर आठवड्याला मिळाली पाहिजे. जंतूंचा बंदोबस्त तिथे होतो, कार्ट्रिजमध्ये नाही.