डांगचे रान आणि आपली सहल

सुरत म्हटले की आपल्यापुढे काय उभे राहते? शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या, जरीचे कापड, हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने, आणि फार तर सुरतेची घारी! 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' अशी म्हण गुजरातीत आहे. या शहराशी रानाचा काही संबंध असेल असे कुणाला स्वप्नातही वाटत नाही. परंतु सुरतेहून बसने बारडोली, व्यारा असे करीत पूर्वेकडे गेले की तीन-चार तासांत डांग जिल्हा लागतो. गुजरातेतील सर्वांत दाट रानांपैकी एक येथे आहे. आमचे मामा उधन्याला राहतात; त्यांच्याकडे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो असता हे रान पाहण्याचा योग आला. मात्र मी येथे प्रवासवर्णन लिहीत नाही. रान कसे पाहावे याविषयी मला जे वाटले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

प्रथम त्या भागाची ओळख. डांग हा साधारण १७६० चौरस किलोमीटरचा लहानसा जिल्हा. आहवा हे त्याचे मुख्य ठिकाण. पूर्णा, अंबिका, खापरी, गिरा या नद्या येथून वाहतात. पूर्णेच्या काठी महाल नावाचे गाव आहे आणि त्याच्या भोवतालचे सुमारे १६० चौरस किलोमीटर रान १९९० पासून पूर्णा अभयारण्य म्हणून राखलेले आहे. साग तर आहेच. पण त्याच्या जोडीला ऐन, हेदू, कळंब, शिसव, खैर, मोह आणि जिकडेतिकडे बांबूची बेटे. आपल्या खानापूर-जांबोटीचे रान बारमाही हिरवे असते; डांगचे रान मात्र उन्हाळ्यात पाने टाकून उघडे होते आणि पावसाळ्यात पुन्हा गच्च भरते. लोकांची बोली डांगी. ती कानावर पडली तर आपल्यातल्या कुणालाही निम्मीशिम्मी कळावी, इतकी ती मराठीला आणि खानदेशीला जवळची आहे. १ मे १९६० रोजी हा मुलूख गुजरातेत गेला, पण त्याआधी तो मराठी की गुजराती यावर पुष्कळ वाद झाला होता. सीमाभागात वाढलेल्या आपल्याला असा वाद काही नवा नाही!

आता मुद्द्याकडे येतो. आपण शहरातली माणसे रानाला 'देखावा' समजतो. धबधबा पाहिला, मोबाईलवर चार छायाचित्रे काढली, डबा खाल्ला आणि परत. देखावा पाहणाऱ्याला त्यामागचा हिशेब कधी दिसत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला तो हिशेबच आधी दिसतो.

हा हिशेब जुना आहे. इंग्लंडचे आरमार ओकच्या लाकडावर उभे होते. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात ओक पुरेनासा झाला आणि इंग्रजांची नजर आपल्या सागाकडे वळली. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणारे वाडिया घराणे मूळचे सुरतेचे. त्याच घराण्यातील जमशेदजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे मलबारी सागाचे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षांनीही न कुजणारे लाकूड! अशा लाकडासाठीच १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून रान भाडेपट्ट्याने घेतले. राजांना वर्षाकाठी ठरलेली रक्कम, आणि झाडे इंग्रजांची. पुढे रानाचा मोठा भाग राखीव झाला आणि ज्यांचे ते रान होते त्यांनाच लाकडासाठी परवानगी मागण्याची पाळी आली. त्या राजांच्या वंशजांना आजही होळीच्या सुमारास आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात सरकारकडून सालियाणा दिला जातो. लोक हा समारंभ कौतुकाने पाहतात. मला मात्र त्यात एका जुन्या व्यवहाराची पावती दिसते.

या व्यवहाराचा दुसरा परिणाम रानावरच झाला. सरकारी वनशास्त्राच्या लेखी साग म्हणजे रोकड. साहजिकच सागाची निगा अधिक राखली गेली. मोहासारखी झाडे, ज्यांच्या फुलांवर आणि बियांवर घरे चालतात, ती हिशेबात गौण ठरली. ओळीने लावलेला साग दुरून हिरवा दिसतो. पण दहा जातींची झाडे, वेली, झुडपे, वारुळे, पाखरे एकत्र नांदतात तेव्हाच त्याला रान म्हणावे. इंग्लंडात हा भेद आता नीट ओळखतात. १६०० सालापासून सलग टिकून असलेल्या रानाला तेथे 'प्राचीन रान' म्हणतात, आणि असे रान ब्रिटनच्या भूमीवर अवघे अडीच टक्क्यांच्या आसपास उरले आहे. वसंतात तेथे निळ्या घंटाफुलांचा गालिचा पसरतो, तो पाहायला हजारो लोक जातात. पण पायवाट सोडू नका अशी ताकीद असते, कारण तुडवलेली रोपे सावरायला काही वर्षे जातात. ज्यांनी आपला साग नेला त्यांनाच आज आपल्या उरल्यासुरल्या रानाची किंमत कळली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे ही जाण नव्हती असे मात्र नाही. मराठीत 'देवराई' म्हणतात, कन्नडमध्ये 'देवरकाडु'. कोडगूत अशी देवाची राने कितीतरी आहेत. दोन भाषा, शब्द निराळे, कल्पना एकच : हे झाड माझे नाही, देवाचे आहे. डांगात वाघदेव पुजतात. लाकडावर कोरलेला त्याचा खांब गावाबाहेर उभा असतो. डांगातला वाघ विसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीसा झाला, बिबळा उरला. पण वाघदेवाची पूजा चालूच आहे.

आणि माणसांचे काय? डांगात पाऊस धो धो पडतो, पण तो डोंगरउतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात बायांना हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. नागली, भात, उडीद यांचे एक पीक निघाले की शेतात काम उरत नाही. मग मुकादमाकडून उचल घेऊन बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला सुरत, बारडोलीकडे उतरतात. आमची बस डांगाकडे चढत होती, तेव्हा समोरून अशी माणसे भरलेले ट्रक खाली येत होते. पोरे, कोंबड्या, भांडीकुंडी, सगळा संसार त्यात! आम्ही ज्यांच्या घरी रान पाहायला चाललो होतो, ते घर बंद करून आमच्या साखरेसाठी निघाले होते. पुढचे काही महिने शेताच्या कडेला कापडी पालात काढायचे! हे पाहिल्यावर 'काय सुंदर देखावा' असे म्हणवेना.

काहीजण म्हणतील, सहलींनी त्या लोकांना पैसा मिळतो, तेवढे पुरे नाही का? कोणत्याही सहलीचा जमाखर्च मांडून पाहा. गाडीभाडे शहरातल्या मालकाला, फरसाण शहरातल्या दुकानदाराला, बाटलीतले पाणी कंपनीला. गावात राहते ती प्रवेश फी, दोन कप चहा, आणि बाटल्यांचा ढीग! उलट दुसरे कुणी म्हणतील, मग जाऊच नये. तेही मला पटत नाही. जे पाहिलेच नाही त्यासाठी कोण भांडणार? पार-तापी-नर्मदा नदीजोड योजनेतील धरणांखाली डांगची राने आणि गावे जाणार म्हणून लोकांनी आंदोलन केले आणि २०२२ साली ती योजना सोडून दिल्याची घोषणा गुजरात सरकारला करावी लागली. रस्त्यावर उतरले ते तेथले आदिवासी. शहरातल्या सहलवाल्यांपैकी कितीजणांना ही बातमी तरी ठाऊक होती?

तेव्हा जावे, पण पाहुण्यासारखे जावे. आपल्या महाविद्यालयाची सहल दरवर्षी कुठेतरी जातेच. ती भीमगडला जावो, आंबोलीला जावो की डांगला. चार गोष्टी आपण ठरवून घेऊ. लाऊडस्पीकर न्यायचा नाही. वाटाड्या गावातलाच घ्यायचा आणि त्याला योग्य मजुरी द्यायची. झाडांची नावे त्याच्या बोलीत लिहून आणायची. जेवण गावातल्या घरी सांगायचे, मग ती नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ का असेना. आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी सहलीचा हिशेब याच अंकात छापावा : एकूण खर्च किती, आणि त्यातले गावात राहिले किती. २००६ च्या वनाधिकार कायद्याने बांबूसारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. गावाने बनवलेली एखादी टोपली विकत घेतली, तर त्या हक्काला गिऱ्हाईक मिळेल.

हे फार मोठे काम नाही. एवढ्याने ऊसतोडीचे ट्रक थांबणार नाहीत, हे मलाही कळते. परंतु एखाद्या घराचा महिनाभराचा खर्च गावातच निघाला, तर त्या घराला कदाचित उचल थोडी कमी घ्यावी लागेल. यंदाच्या सहलीची सभा पुढच्या महिन्यात आहे. तेथे मी ही सूचना मांडणार आहे. मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांतल्या मित्रांनी तिला पाठिंबा द्यावा, ही विनंती.

— बी. कॉम. भाग २ चा एक विद्यार्थी