उपचार संपले म्हणजे काय संपले?

सीमाभागातील आम्ही मराठी माणसे भाषेविषयी हळवी आहोत. १ नोव्हेंबर १९५६ पासून फलक, उतारे आणि शाळा यांसाठी आम्ही लढत आलो, आणि २००० साली बेळगावात साहित्य संमेलन भरले तेव्हा आमची छाती भरून आली. या अभिमानात काही गैर नाही. तरीही आज आम्हाला आमच्याच जुन्या घराण्यांना एक कडू प्रश्न विचारायचा आहे. ज्याचा घसा कर्करोगाच्या किरणोपचारांनी भाजून निघाला आहे, त्याच्यासाठी आपण मराठीत किती ओळी लिहिल्या?

प्रश्न ऐकीव नाही. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांनी सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, असे पस्तीस वेळा उपचार घेतले. अखेरच्या दिवशी त्यांच्या हाती एक इंग्रजी कागद पडला. घरी येताच आप्तेष्ट कुंदा घेऊन आले आणि म्हणाले, "सुटलात एकदाचे!" प्रत्यक्षात पुढचे दोन आठवडे सर्वांत खडतर गेले. किरणांचा परिणाम यंत्र थांबल्याबरोबर थांबत नाही. घशाचा दाह त्यानंतरही काही दिवस वाढतो आणि मगच हळूहळू उतरतो. हे आम्हाला ठाऊक नव्हते. आजार उलटला, अशा समजुतीने आम्ही रात्री जागून काढल्या.

अज्ञानाची जागा मग घरगुती शहाणपणाने घेतली. कोणी लवंगेचा काढा दिला, कोणी मिरपूड घातलेले सार. सोललेल्या त्वचेवर हळद-तेलाचा लेप लावा, असेही सांगणारे भेटले. भाजलेल्या घशाला तिखट, आंबट आणि कढत यांहून मोठा शत्रू नाही. म्हणून आपली लाडकी आंबीलसुद्धा काही काळ वर्ज्यच समजावी. लाळ आटली की भाकरीचा घास घशाखाली उतरत नाही. अशा वेळी मऊ खिचडी, खीर, दूध, अंडे आणि घोटाघोटाने पाणी हाच आधार असतो. एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. वजन दर आठवड्याला पाहावे. नाकातून नळी घातली असली तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे थोडे गिळत राहावे, कारण न वापरलेले स्नायू गिळणेच विसरतात. यात अवघड असे काय आहे? काहीच नाही. फक्त ते वेळेवर, आपल्या भाषेत कोणी सांगितले नाही.

दूरचे परिणाम तर याहून फसवे असतात. चव काही महिन्यांनी परतते. लाळ मात्र कित्येकांची पूर्वीसारखी होत नाही आणि कोरड्या तोंडात दात झपाट्याने किडतात. अशा वेळी दंतवैद्याला किरणोपचारांची कल्पना न देता दात उपटून घेतला, तर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. हा धोका वर्षानुवर्षे राहतो. जबडा आखडतो. तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तर व्यायामाला उशीर झालाच म्हणून समजा. मानेतील थायरॉईड ग्रंथी मंदावते आणि घरचे म्हणतात, "हल्ली आळशी झालेत." सहा ते बारा महिन्यांनी केलेली रक्ताची एक साधी तपासणी तो आळस खोटा ठरवू शकते.

आणि ताट-वाटी वेगळी ठेवणाऱ्या घरांना काय म्हणावे? बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगात ते उरत नाहीत, त्याचा आजारही उष्ट्याने लागत नाही. आवाज बसलेल्या माणसाला पंगतीतून उठवणे हा आजाराचा नव्हे, आमचा दोष आहे.

कोणी म्हणेल, साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत हा दवाखाना कशाला? आमचे उत्तर असे, की निपाणीच्या तंबाखूवर ज्यांचे वाडे उभे राहिले, त्यांनी तरी हे विचारू नये. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. त्या बलिदानाविषयी आम्हाला आदरच आहे. पण त्याच पिकाच्या वखारींत ज्या बायांनी धूळ गिळली, ज्यांनी विड्या ओढल्या, मशेरी लावली, त्यांच्या गळ्याचा हिशेब कोणत्या वहीत आहे? या रोगाला इतरही कारणे असतात, हे मान्य. तरी तंबाखूचे नाव यादीत वरच राहते. शरद पवारांनी २००४ साली शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सोसले व पुढे ते जाहीरपणे सांगितले. तासगावचे आर. आर. पाटील २०१५ साली तोंडाच्या कर्करोगाने गेले. एवढे होऊनही आमच्या बैठकीतले पानदान हललेले नाही.

सरकारांकडे बोट दाखवणे सोपे आहे. २०२३ साली महाराष्ट्राने ८६५ सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, कर्नाटकाने आक्षेप घेतला, आणि रुग्ण पुन्हा वादाचा विषय झाला. पण चार पानांचे मराठी पत्रक छापायला कोणत्या मंत्रिमंडळाची संमती लागते? जाणत्या डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावे आणि बेळगाव, निपाणी, खानापूरच्या वाचनालयांत ठेवावे. शेजारच्या कन्नड घरातील रुग्णही इंग्रजी कागदापुढे तितकाच मुका असतो. त्याच्यासाठी ते कन्नडमध्येही निघावे. त्याने मराठी लहान होणार नाही.

भाषा जगवायची म्हणजे केवळ पाटीवर जगवायची नसते. ज्याचा आवाज गेला आहे, त्याच्या उशाशीही तिने बसले पाहिजे. ते जमत नसेल, तर आमच्या गळ्यातील घोषणांना काय अर्थ उरतो, हे आम्हीच आम्हाला विचारलेले बरे.