पहिलवानाच्या पायांचे काय?

दिवाळीच्या फराळाबरोबर मोटारीचे पाटे आणि स्प्रिंगा वाढणाऱ्या या मास्तराला वाचकांनी आधीच क्षमा करावी. माझ्यापाशी स्वतःची मोटार नाही. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी अमेरिकेत, मिशिगनला, भाच्याकडे राहून आलो आणि तिथे एका वादात जो सापडलो, तो वाद अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आज तो चारचौघांत भांडून मोकळा होणार आहे.

भाच्याने साठ वर्षांपूर्वीची एक अमेरिकन मोटार हौसेने पुन्हा उभी केली आहे. तिचे नाव सांगत नाही; दोष तिचा एकटीचा नव्हे, तिच्या सगळ्या गोत्राचा आहे. या गोत्राला तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण पहिलवान मोटार म्हणू. मध्यम बांध्याच्या गाडीत थोरल्या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवायचे, ही त्यांची कुळकथा. १९६४ सालची पाँटिॲक जीटीओ ही पुष्कळ जण या घराण्याची मूळ मानतात. तिचे इंजिन ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे; ताकद, त्या वेळच्या मोजणीप्रमाणे, ३२५ अश्वशक्ती. आणि एवढ्या ताकदीला आवरायला चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक! छाती हिंदकेसरीची आणि पाय तालमीत पहिल्याच दिवशी आलेल्या पोराचे.

एका रविवारी भाच्याने मला पुढे आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीला मागे बसवून ती गाडी बाहेर काढली. सरळ रस्त्यावर ती अशी सुटली की माझ्याही तोंडून “वा!” निघून गेले. मग हमरस्ता सोडून खाली उतरणारे गोल वळण आले. वेग काही फार नव्हता. तरी गाडी एका अंगावर कलली, बाहेरच्या बाजूचे टायर किंचाळले आणि स्टिअरिंग वळवूनही गाडीचे तोंड बाहेरच ओढ घेत राहिले. पोरीने माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. झाले काही नाही. पण त्या बोटांची पकड मला अजून जाणवते.

घरी आल्यावर भाचा उत्साहाने म्हणाला, “मामा, पुढच्या महिन्यात मोठा कार्ब्युरेटर बसवतोय.”

मी विचारले, “आणि हे कलणे?”

“जुन्या गाड्या कलायच्याच. सस्पेन्शनला हात लावला तर अस्सलपणा जातो. प्रदर्शनात गुण कापतात!”

वाचकहो, इंजिन फुगवले तर अस्सलपणा जात नाही आणि स्प्रिंग बदलली की विटाळ होतो, हे कुठले सोवळे? आणि हा अस्सलपणा तरी कोणाचा? कारागिराचा की हिशेबनिसाचा?

फोर्ड मस्टँगचेच उदाहरण घ्या. ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी लोकांपुढे आली. ती फाल्कन नावाच्या साध्या, स्वस्त गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती. पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे आपल्या ट्रकला असतात तसे पाटे. वळणावर अंग कलले की बाहेरचे चाकही वरच्या टोकाला बाहेर झुके आणि सगळा भार टायरच्या कडेवर येई. एका अंगाने झिजलेल्या चपलेने ओल्या फरशीवर चालून पाहा, म्हणजे अर्थ कळेल. यावर उपाय फोर्डच्याच क्लाउस आर्निंग या इंजिनिअरने काढला होता. ‘अप्पर कंट्रोल आर्म’ नावाचा जो वरचा दांडा, त्याचे आतले टोक एक इंच खाली बसवायचे. मग चाक दबताना त्याचे वरचे टोक आत ओढले जाते आणि टायर रस्त्यावर सपाट टेकतो. दोन्ही बाजूंना मिळून चार नवी भोके, बस्स!

कॅरोल शेल्बी यांनी १९६५ च्या जीटी-३५० मध्ये हेच केले. जोडीला पुढे जाड अँटी-रोल बार आणि कोनीचे शॉकअब्सॉर्बर घातले. ती गाडी शर्यती जिंकू लागली. आणि पुढे १९६६ च्या गाड्या बनवताना खर्च वाचवण्यासाठी हीच भोके गाळली गेली! तेव्हा ज्याला तुम्ही अस्सलपणा म्हणून पुजता, ती कैकदा निव्वळ काटकसर असते. ज्यांनी गाडी घडवली त्यांनाही बरे काय ते ठाऊक होते.

दुसरा आक्षेप असा की, गाडी कडक होते, हाडे खिळखिळी होतात. होतात, अर्धवट मिस्त्रीच्या हातून. स्प्रिंग कापून गाडी बुटकी केली तर ती खड्ड्याखड्ड्याला आपटणारच. स्प्रिंग भार पेलते, शॉकअब्सॉर्बर तिचे नाचणे थांबवतो. दोघांचे जमले पाहिजे. म्हणून क्रम पाळावा. आधी कुजलेले रबरी बुश आणि झिजलेले सांधे बदलावेत. मग चांगले रेडियल टायर घालावेत आणि चाकांचे कोन त्या टायरांना मानवतील असे लावून घ्यावेत. जुन्या टायरांचे जुने माप चालत नाही. मग शॉकअब्सॉर्बर, मग पुढचा अँटी-रोल बार. नुसता मागचाच जाड बार घातला तर वळणावर शेपूट सुटते. आणि ब्रेक सुधारल्याशिवाय कार्ब्युरेटरचे नाव काढू नये.

मान्य, कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली एखादी दुर्मिळ गाडी असेल, तर तिला हात लावू नका. तिला संग्रहालयात ठेवा, लेकरांना दाखवा. पण जी गाडी रस्त्यावर धावते, जिच्यात पोर बसते, ती प्रदर्शनातली वस्तू नव्हे. काढलेले जुने भाग तेल लावून पेटीत जपून ठेवा. अस्सलपणा तिथे सुखाने झोपेल.

आमच्या कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद नव्या पोराची नुसती छाती पाहत नाही. बैठका मारून घेतो. पट निघाला की छातीचा काय उपयोग?

भाच्याला मी हेच लिहून कळवले. त्याचे उत्तर आले: “मामा, तुम्हाला मोटारीतले काय कळते?” खरे आहे, मला मोटारीतले फारसे कळत नाही. पण मी पंचवीस वर्षे मुले सांभाळली आहेत. मागच्या बाकावरच्या पोरीने ती पाठ कशासाठी धरली, एवढे मला कळते. प्रदर्शनातल्या परीक्षकाने गुण कापले तर कापू द्या. त्या पोरीने दिलेले गुण मात्र भाच्याने एकदा विचारून पाहावेत.