निकालाआधीची सीमाबंदी

बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळशावर वाढलेले गाव, पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातले, आता मंचिर्याल जिल्ह्यातले. उत्तर तेलंगणाच्या या पट्ट्यातून आखातात मजुरीला जाणारे पुष्कळ. त्यांच्यापैकी कुणावर बांधाच्या भांडणातून किंवा आंदोलनातून खटला उभा राहिला की पासपोर्टचे काम अडते. ‘खटला चालू आहे, तर देशातच राहा, निर्दोष असाल तर सुटालच,’ असे त्याला ऐकवले जाते. हा युक्तिवाद मला मुळातच अमान्य आहे. जो पुढे निर्दोष सुटणार, त्याचेच यात सर्वाधिक नुकसान होते, कारण सुटकेचा निकाल बुडालेली नोकरी परत देत नाही.

१९६७च्या पासपोर्ट कायद्याचे कलम ६(२)(एफ) फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असल्यास पासपोर्ट नाकारायला सांगते. मात्र २५ ऑगस्ट १९९३च्या अधिसूचनेने न्यायालयाच्या परवानगीची वाट मोकळी ठेवली आहे. नुसता गुन्हा नोंदला गेला म्हणजे खटला प्रलंबित झाला असे नव्हे, हे परराष्ट्र मंत्रालयाने २०१९मध्ये स्पष्ट केले. परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, हे तर मनेका गांधी प्रकरणात १९७८लाच ठरले. ठाण्यातल्या एका गुन्ह्यातील आरोपी अमेरिकेचा कायम रहिवासी होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला प्रवासाची परवानगी नाकारली, पण ऑक्टोबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. जामिनाच्या अटी हेतूच्या प्रमाणात असाव्यात, हा त्यामागचा विचार. खटल्याला हजेरी मिळावी एवढाच तो हेतू. निकालाआधी शिक्षा भोगायला लावणे हा नव्हे.

‘आरोपी पळून गेला तर?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण नीरव मोदी १ जानेवारी २०१८ला देश सोडून गेला, तेव्हा पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात सीबीआयचा गुन्हासुद्धा नोंदलेला नव्हता. प्रलंबित खटल्याचा नियम त्याला अडवू शकला नसता. अडतो तो तारखांना हजर राहणारा मजूर. त्याच्यासाठी जामीनदार, अनामत, परदेशातला पत्ता आणि वकिलामार्फत हजेरी या अटी पुरेशा आहेत. अमिराती, ओमान व सौदी अरेबियाशी प्रत्यार्पणाचे करारही आहेत. ती वाट संथ आहे, हे मान्य. वैवाहिक छळाच्या खटल्यात तक्रारदार पत्नी मागे निराधार राहते, ही चिंता मला सर्वांत रास्त वाटते. तिथे पोटगीची रक्कम आधी जमा करून घ्यावी. नवरा बेकार होऊन घरी बसल्याने तिच्या पदरात काही पडत नाही.

खरी गोम मुदतीत आहे. न्यायालयाच्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. आखाती देश प्रवेशासाठी साधारणतः सहा महिन्यांची शिल्लक मुदत मागतात, म्हणजे ते वर्ष निम्म्यावर येते आणि दोन वर्षांचा करार करणारा मालक असा माणूस घेत नाही. परवानगी मिळूनही वाट बंदच राहते. म्हणून पासपोर्ट पूर्ण दहा वर्षांचा द्यावा आणि प्रत्येक प्रवासावर न्यायालयाचे नियंत्रण ठेवावे. कागद हाती असणे वेगळे, सीमा ओलांडण्याची मुभा वेगळी. त्यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही: वकिलांनी अर्जातच दहा वर्षांची मुदत मागावी आणि न्यायाधीशांनी ती आदेशात स्पष्ट लिहावी.