अक्षता की साक्ष?

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि नुकत्याच शिक्षण संपवलेल्या तरुणांचे रात्रीचे प्रवासही तेव्हाच सुरू होतात. वयाच्या चोविसाव्या वर्षापासून तिशीपर्यंत आम्हीही हेच केले. पुण्याच्या वसतिगृहात एकत्र राहिलेलो आम्ही मित्रांच्या लग्नांसाठी कधी नांदेडला, कधी जळगावला, कधी सावंतवाडीला गेलो. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर रात्र काढली, जानवशाच्या गच्चीवर झोपलो, बसस्थानकासमोरच्या सलूनमध्ये दाढ्या केल्या. या प्रवासांविषयी पुढे फार हळवेपणाने बोलले जाते. मैत्री जात, प्रदेश आणि बोली ओलांडते व मित्राचे लग्न हा त्या ओलांडण्याचाच उत्सव असतो, असे त्या बोलण्याचे तात्पर्य असते. आम्हाला ते मान्य नाही.

मुळात मांडवात मित्राचे स्थान कोणते? मामा मुलीला बोहल्यावर आणतो, भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, करवली कलश घेऊन उभी राहते, पाठराखीण मुलीसोबत सासरी जाते. प्रत्येक नात्याला नाव आहे आणि नेमून दिलेले काम आहे. मित्राला दोन्ही नाही. पत्रिकेच्या तळाशी ‘मित्रपरिवार’ असा एक सामासिक शब्द तेवढा त्याच्या वाट्याला येतो. वरातीत नाचणे हे त्याचे खास काम मानले जाते. पण तो नाचला नाही म्हणून लग्न अडल्याचे ऐकिवात नाही.

हे योगायोगाने घडलेले नाही. आपल्याकडील बहुसंख्य लग्ने दोन व्यक्तींची नसून एकाच जातीतील दोन भावकींची असतात. पत्रिकेवरील आडनावांच्या रांगा वाचल्या तरी ते ध्यानात येते. वर्गात दलित आत्मकथनांवर तावातावाने बोलणारे आम्ही त्याच रांगांसमोर अक्षता घेऊन उभे राहिलो. एका लग्नात यजमानांकडील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आमच्यातील एकाला आडनाव विचारले आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारले. तो हसला, म्हणून आम्हीही हसलो. परतीच्या गाडीत तो म्हणाला, पुढच्या लग्नाला जमणार नाही, काम आहे. ते कारण आम्ही मुकाट्याने स्वीकारले, कारण ते आमच्या सोयीचे होते.

मैत्रिणींचे तर त्याहून वेगळे. मित्रांच्या लग्नांसाठी रात्रीचे प्रवास आम्ही न विचारता केले. आमच्या वर्गातील मुलींना तेवढ्यासाठी घरी परवानगी मागावी लागे आणि स्वतःचे लग्न झाल्यावर ती सासरी मागावी लागे. ‘आम्ही सगळे गेलो होतो’ या वाक्यातील ‘सगळे’ तपासून पाहावे, एवढेच येथे म्हणतो.

पुढे त्याच गटातील एका मैत्रिणीने जातीबाहेर नोंदणी विवाह करायचे ठरवले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. त्यानंतर विवाह अधिकाऱ्यासमोर वधूवरांसह तीन साक्षीदारांना सही करावी लागते. हे साक्षीदार भावकीतले असावेत अशी अट नाही. ज्या विधीत मित्राची खरोखर गरज पडते, तो हा. जळगावच्या वरातीत आम्ही चौदा जण नाचलो होतो. या तीन सह्यांसाठी मात्र कोणाला रजा मिळेना, कोणी तिच्या वडिलांना ओळखत होता, कोणाला आपल्या घरच्यांची काळजी होती. शेवटी आमच्यातील दोघे गेले. तिसरी सही तिच्या कार्यालयातील सहकाऱ्याने केली. त्याची आणि तिची ओळख अवघ्या सहा महिन्यांची होती.

यावर कोणी म्हणेल की मित्राच्या आनंदात असा हिशेब मांडू नये. त्या प्रवासांत आम्हाला काही मिळाले नाही असे आम्ही म्हणत नाही. वसतिगृहात प्रमाण मराठी बोलणारा मित्र आईशी अहिराणीत बोलताना ऐकला, तेव्हा चार वर्षांत न कळलेला तो थोडा कळला. लग्नांना जाऊ नये असा आमचा आग्रह मुळीच नाही. पण पाहुणा म्हणून जाऊन आल्याला भिंत ओलांडणे म्हणू नये.

मराठीच्या विद्यार्थ्यांना तर हे सांगावे लागू नये. १८७३ साली महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहिताविना लग्न लावून दाखवले. १८९९ च्या ‘संगीत शारदा’तील कोदंड वृद्धाशी लावल्या जाणाऱ्या लग्नाला उघड विरोध करतो. हे सारे आम्ही परीक्षेत लिहिले, त्यावर गुण मिळवले. प्रत्यक्षात एका सहीची वेळ आली तेव्हा आमच्यातील बहुतेकांनी रजेचे कारण सांगितले.

आता आमच्या विद्यार्थ्यांचे ते वय आहे. बॅगा भरून ते लग्नांना निघतात तेव्हा आम्ही त्यांना अडवत नाही. कोणाच्या नोंदणीसाठी साक्षीदार हवे असल्यास आधी तिकडे जा, एवढे मात्र सांगतो.